मदत हवी आहे: नव्या लाइनमध्ये वास टिकत नाही, ओडरंट (गॅसला वास देणारं रसायन) बदलावा का?

नमस्कार मंडळी. मी नैसर्गिक गॅसच्या वितरणात काम करते. स्टीलची नवी लाइन सुरू होऊन तीन आठवडे झाले. स्टेशनवर ओडरंटची मात्रा ठरल्याप्रमाणे पडते आहे, टाकीतली पातळीही त्याच हिशेबाने उतरते. पण शेवटच्या टोकाला वास जवळपास नाहीच. हवेत १ टक्का गॅस झाला की वास कळलाच पाहिजे, हा आमचा निकष (मिथेन ५ टक्क्यांपासून पेट घेतो, त्याचा पाचवा हिस्सा). तिथे २ टक्क्यांनाही कळेना.

सध्या टीबीएम (टर्शरी ब्युटाइल मर्कॅप्टन) आणि डायमिथाइल सल्फाइडचं मिश्रण वापरतो. वरिष्ठ म्हणतात, टीएचटीवर (टेट्राहायड्रोथायोफीन, दुसरं एक ओडरंट) जाऊ, ते गंजाला दाद देत नाही. पटतंही. पण लाइन बरीचशी चिकणमातीतून जाते, म्हणून मी घुटमळते आहे. की नुसती मात्रा वाढवून भागेल?

प्रतिसाद १

ओडरंटला इतक्यात दोष देऊ नका. नवं स्टील वास पितं. मर्कॅप्टन (टीबीएमसारखं उग्र वासाचं गंधकयुक्त रसायन) आतल्या भिंतीला चिकटतं, आणि गंज असेल तर त्याचं डायसल्फाइड होतं, ज्याला वास फारच कमी. टीबीएम इतर मर्कॅप्टनांपेक्षा चिवट, पण तेही पूर्ण सुटत नाही. खरं तर लाइन सुरू करतानाच जास्त मात्रा सोडून भिंत 'मुरवून' घ्यायला हवी होती. आताही करता येईल, फक्त टोकाला रोज तपासा आणि वास स्थिरावला की मात्रा लगेच खाली आणा. विसरलात तर गळती नसताना तक्रारींचे फोन घेत बसाल.

टीएचटीबद्दल तुमची शंका रास्त आहे. ते मातीत अडकतं. गॅस मातीतून वाट काढत घरात शिरेल आणि वास मागेच राहील. तुमच्या जमिनीत मी तरी ते घेणार नाही.

प्रतिसाद २

ओडरायझर (गॅसमध्ये ओडरंट सोडणारं यंत्र) कुठला? बाष्पीभवनाचा असेल तर घोळ तिथेही असू शकतो. डायमिथाइल सल्फाइड ३७ अंशांना उकळतं, टीबीएम ६४ ला. हलकं आधी उडतं आणि टाकीत उरलेल्या मिश्रणाचं प्रमाण बदलत जातं. त्यासाठी काही जण जोडीला मिथाइल इथाइल सल्फाइड घेतात, ते ६७ ला उकळतं. नुसतं टीबीएम मात्र नको, शून्याच्या आसपास गोठतं.

धागाकर्ती

दोघांचे आभार. आमचा पंपाचा आहे, तेव्हा ती भानगड नसावी. एक कोडं उरतं: टोकाच्या नमुन्यात यंत्र गंधक जवळपास पूर्ण दाखवतंय. मग नाकाला का नाही?

प्रतिसाद १

यंत्र एकूण गंधक मोजत असेल, तर त्यात डायसल्फाइडही आलं. म्हणजे तुमच्याकडे भिंतीत मुरण्यापेक्षा गंजाचाच भाग मोठा दिसतो. टीबीएम वेगळं दाखवणाऱ्या क्रोमॅटोग्राफवर तोच नमुना लावून बघा, आणि वास घ्यायला दिवसभर स्टेशनवर नसलेला माणूस पाठवा. आपली नाकं केव्हाच मेलेली असतात.