शब्दचर्चा: ‘अधिशयन काळ’ की ‘उबवण काळ’?

खाडीकाठ: आमच्या सोसायटीत (ठाणे, कोलशेतकडे) रविवारी फ्लूच्या लशीचं शिबिर आहे आणि मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. ‘इनक्युबेशन पीरियड १ ते ४ दिवस, बहुधा २’ (विषाणू अंगात शिरलाय पण आजार अजून दिसत नाही, तो काळ) इथे गाडं अडलं. सरकारी पत्रकांत ‘अधिशयन काळ’ असतो, मी तोच लिहिला. सेक्रेटरी म्हणाले, विषाणू काय शेषशायी विष्णू आहे का? त्यांनी खोडून ‘उबवण काळ’ केलं. आता ग्रुपवर अंड्यांची चित्रं फिरतायत. सुचवा काहीतरी.

बेलापूरवाली: तुमचे सेक्रेटरी नकळत बरोबर बोलले. अधि + शी म्हणजे एखाद्या गोष्टीवर पडून राहणं. इंग्रजी शब्द ज्या लॅटिनवरून आला त्याचा अर्थही तोच, अंड्यांवर पडून राहणं. म्हणजे अधिशयन हे उबवणंच, फक्त सोवळं नेसलेलं.

कोपरीकर: म्हणूनच मला हे टांकसाळी शब्द नकोत. माझ्या आजीची कोंबडी खुडूक बसायची, अधिशयनाला नाही. ‘इनक्युबेशन’ लिहा आणि मोकळे व्हा. व्हायरस, लॅब, रिपोर्ट चालतात, मग हाच एक शब्द विटाळतो का?

बेलापूरवाली: लिफ्टशेजारी पत्रक वाचणाऱ्या आजींना इनक्युबेशन कळणार आहे का, कोपरीकर?

लॅबवाला: दोन्ही बाजूंना नमस्कार. अधिशयन म्हणा नाहीतर उबवण, कोणीतरी निवांत बसलंय असंच वाटतं. फ्लूच्या बाबतीत नेमकं उलट असतं. विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं (एच३एन२ मधला ‘एच’ तो हाच). नाका-घशाच्या पेशींवर सियालिक आम्ल असतं, त्याला ते चिकटतं. पेशी स्वतःच त्याला एका पिशवीत घेऊन आत ओढते. पिशवीत आम्लता वाढली की हिमॅग्लुटिनिनचा आकार पालटतो, विषाणूचं आवरण पिशवीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि आतले आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकांचे, ८ तुकडे मोकळे होऊन पेशीच्या केंद्रकात जातात. तिथे पेशीचीच सामग्री वापरून नकला निघतात. सकाळी शिरलेल्याची पिल्लावळ संध्याकाळपर्यंत बाहेर पडायला लागते. बाहेर पडतानाही ती त्याच सियालिक आम्लाला चिकटून बसली असती, पण न्यूरामिनिडेज, म्हणजे ‘एन’, ते कापून टाकतं. ऑसेल्टामिव्हिरची गोळी या कापणाऱ्यालाच अडवते, म्हणून ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी. हे सगळं चालू असताना माणूस मस्त वडापाव खात असतो.

खाडीकाठ: मग ‘सुप्त काळ’?

लॅबवाला: कृपा करून नको. सुप्त म्हणजे दडून बसणारा. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडतो आणि उतारवयात नागीण होऊन उठतो, त्याला सुप्त म्हणा. फ्लूवाला तर त्रास सुरू व्हायच्या साधारण दिवसभर आधीपासून दुसऱ्यांना लागण देत असतो. ‘सुप्त’ वाचून तो माणूस खुशाल ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत शिरेल.

कोपरीकर: आता ‘लागण’ की ‘बाधा’ हेही ठरवून टाका. माझ्या मते बाधा फक्त भुताची.

बेलापूरवाली: आणि लागण फक्त उसाची? विषबाधा काय भूत करतं?

तलावपाळी: थोडं बाजूला जातोय. फ्लूला आपला जुना शब्द आहे, मानमोडी. १९१८ ची साथ आमच्या पणजीच्या तोंडी मानमोडीच होती. घरात बोलताना ‘मानमोडीच्या साली’ असं वर्ष सांगायचे. मुंबईत जूनमध्ये आली, जरा ओसरली आणि सप्टेंबरात परतली ती माणसं न्यायलाच. देशात कोटीहून जास्त मेले. पत्रकात हा शब्द का नको?

कोपरीकर: मानमोडी म्हणजे मेंदूज्वर हो. मान ताठ होते त्यात. आमच्या गावी तसंच म्हणत.

तलावपाळी: ताठ होणं आणि मोडणं एकच का?

बेलापूरवाली: माझा संशय शेतावर आहे. करप्याने भाताची लोंबी मानेतून मोडून लोंबते. ठाणे-कुलाब्याच्या भातवाल्यांना तापाने मान टाकलेला माणूस पाहून तेच आठवलं असणार.

कोपरीकर: पुरावा?

बेलापूरवाली: पुरावा तुमच्या मेंदूज्वराला तरी कुठे आहे!

लॅबवाला: व्युत्पत्ती तुम्ही बघा. पण फ्लूत अंग मोडून येतं ते खरंच. गंमत म्हणजे विषाणू सहसा श्वासमार्गाच्या अस्तरातच राहतो, स्नायूंत जात नाही. ताप आणि अंगदुखी आपल्याच शरीराने सोडलेल्या इंटरफेरॉनसारख्या द्रव्यांमुळे. आणि तेव्हाचे बरेच रोगी विषाणूने सोललेल्या अस्तरावर जिवाणू बसून न्युमोनिया झाल्याने गेले. तेव्हा तर विषाणू माहीतच नव्हता, माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये सापडला. त्याआधी १८९२ मध्ये फायफर यांनी एक जिवाणूच कारण म्हणून पुढे केला होता. फ्लूपुरता तो निर्दोष निघाला, नाव मात्र हिमोफिलस इन्फ्लुएन्झी हेच राहिलं. बाळांना हिबची लस देतात ती याच्याच ‘बी’ प्रकाराविरुद्ध. ‘फ्लूची झालीये की’ म्हणून आई-बाबा परत जातात, दर पावसाळ्यात दोन-चार तरी.

कोपरीकर: बघा! चुकीचं नाव शंभर वर्षं चाललं. रुळला तो शब्द, हेच मी मघापासून सांगतोय.

बेलापूरवाली: आणि त्या रुळण्यापायी पोरं बिनलशीची घरी जातात, हे नाही वाचलंत वाटतं.

खाडीकाठ: मंडळी, छपाईवाला आठ वाजता दुकान बंद करतो. मी ‘लागण झाल्यापासून ताप येईपर्यंतचे दिवस’ असं लिहितोय.

लॅबवाला: ‘ताप’ऐवजी ‘त्रास’ करा. म्हाताऱ्यांना कधीकधी ताप येतच नाही.

तलावपाळी: ताप, कणकण आणि कसकस हेही एक नव्हे बरं का. कसकस थर्मामीटरला दिसत नाही.

कोपरीकर: कणकणही दिसत नाही. दिसते ती तापसरी.

बेलापूरवाली: तापसरी म्हणजे साथ. एकट्या माणसाला तापसरी कशी येईल?

कोपरीकर: आमच्याकडे येते.