मदत हवी आहे: जालन्यात चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) भाड्याने मिळेल का?

स्विफ्टचे पुढचे दोन्ही शॉकअप, माउंट आणि बेअरिंग घरीच बदलायचे आहेत. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र जोड) गाडीतून उतरवणं सोपं आहे, काळजी स्प्रिंगची. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड फोडते, त्यामुळे तार बांधून किंवा पाय देऊन नट खोलायचा जुगाड नकोच.

पद्धत माहीत आहे. दोन कॉम्प्रेसर बरोबर समोरासमोर, आट्यांना ग्रीस, जमतील तेवढे वेढे धरायचे, पान्याने आलटून-पालटून थोडं थोडं आवळायचं. इम्पॅक्ट गन अजिबात नाही. स्प्रिंग वरच्या प्लेटखाली हाताने हलली की मगच मधला नट.

अडचण पुढे आहे. वेढा तिरका असल्याने आवळताना कॉम्प्रेसरचे आकडे (हुक) घसरत एका बाजूला येतात आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकते. तिथेच थांबून सैल करावं लागतं.

तर सांगा:
सेफ्टी पिनवाले आकडे पुरतात, की गॅरेजमधला भिंतीवरचा कॉम्प्रेसरच वापरावा?
जालना किंवा संभाजीनगरात भाड्याने कुठे मिळेल? वाळूजकडे चालेल.
नुसता सुटा स्ट्रट नेला तर स्प्रिंग बदलून देणारं गॅरेज आहे का? मजुरी किती?

आट्या झिजलेला कॉम्प्रेसर कृपया सुचवू नका.