जेरेमाया लीला नफेखोर म्हणू नका

सागरवेडा:
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धासाठी चोरून हत्यारं आणणाऱ्या व्यापाऱ्यांना सरसकट नफेखोर म्हटलं जातं, ते मला पटत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मार्बलहेड बंदरातला व्यापारी जेरेमाया ली सुकवलेला कॉड मासा स्पेनला विकून गडगंज झाला होता. ऑक्टोबर १७७४ मध्ये ब्रिटनचा राजा तिसऱ्या जॉर्जने अमेरिकेतल्या वसाहतींकडे हत्यारं आणि बंदुकीची दारू पाठवायला बंदी घातली. तेव्हा लीने स्पेनमधल्या बिल्बाओच्या ओळखीच्या गार्दोकी पेढीकडे बंदुका मागितल्या. फेब्रुवारी १७७५ मध्ये पेढीने कळवलं, संगिनींसह ३०० बंदुका आणि त्याच्या दुपटीने पिस्तुलांच्या जोड्या देतो. १८ एप्रिलच्या रात्री ली बॉस्टनजवळच्या मेनोटमी गावच्या खानावळीत होता. ब्रिटिश शिपाई आले तसा रात्रीच्या कपड्यांनिशीच मागच्या शेतात जाऊन पडून राहिला. थंडीने ताप भरला, १० मेला माणूस गेला. नफ्यासाठी कोण एवढं करतं?

मचवा:
साफ असहमत. एका लीवरून सगळ्या व्यापाऱ्यांना हार घालू नका. हत्यारं आणायच्या या चोरवाटा पाडल्या त्या मळीच्या चोरट्या व्यापाराने. १७३३ च्या कायद्याने परक्या मळीवर गॅलनला ६ पेन्स कर बसवला होता. तो चुकवायला जकात अधिकाऱ्यांचे हात ओले करणारी हीच मंडळी. मळीची रम, रमच्या बदल्यात आफ्रिकेतली माणसं, गुलाम म्हणून. प्रॉव्हिडन्सच्या ब्राऊन बंधूंचं 'सॅली' जहाज १७६४ साली निघालं. १९६ माणसं घेतली, त्यातली १०९ मेली. पुढे याच घराण्याने बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसला बंदुकीची दारू पुरवायचं कंत्राट घेतलं. याला स्वातंत्र्यप्रेम म्हणायचं?

सागरवेडा:
'सॅली'बद्दल एक शब्दही बोलणार नाही, ते पापच. पण बॉस्टनजवळच्या बंकर हिलच्या लढाईत, १७ जून १७७५ ला, बंडखोरांनी ब्रिटिशांचे दोन हल्ले परतवले आणि तिसऱ्याला दारू संपली. ऑगस्टमध्ये बंडखोरांचा सेनापती वॉशिंग्टनने साठा मोजवला तर माणशी जेमतेम नऊ बार निघाले. दारू करायची तर सोरा हवा, आणि उत्तम सोरा आपल्या बिहारचा, म्हणजे ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीच्या मुठीत. समुद्राशिवाय दुसरी वाट होती कुठे?

काठावरची:
मचवा, तुमचं बरंचसं पटतं. कॅरिबियनमधल्या सेंट युस्टेशियस या चिमुकल्या डच बेटावरून चहाच्या पेट्यांत, तांदळाच्या पिंपांत लपवून बंदुकीची दारू जायची, आणि विकणाऱ्यांत खुद्द ब्रिटिश व्यापारीही होते! पण तुम्ही दोघंही ओझं वाहणाऱ्यांना विसरलात. १४ डिसेंबर १७७४ ला न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथजवळच्या ब्रिटिश किल्ल्यावर कप्तान कॉक्रन आणि पाच शिपाई होते. शेकडो लोक चालून गेले आणि सुमारे १०० पिंपं दारू होड्यांत भरून नेली. अशा थंडीत ती पिंपं उचलणाऱ्यांना कुठला नफा मिळणार होता?

मचवा:
त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, काठावरची. माझा राग पेढीवर बसणाऱ्यांवर आहे. सागरवेडा, लीबद्दलही माझा शब्द मागे घेतो. ब्राऊनबद्दल मात्र नाही.