'मिडवाइफ'ला सुईण म्हणावं का?

अडलेली_अनुवादक:
पूर्व लंडनमधल्या पॉप्लरवरचा एक लेख मराठीत करते आहे. काळ १९५० च्या आसपासचा. गोदी कामगारांची वस्ती, १९४० च्या बाँबवर्षावानंतर जागोजाग पडलेली घरं, दोन खोल्यांत आठ माणसं, आणि सायकलला बॅग बांधून घरोघर बाळंतपणं करत फिरणाऱ्या मिडवाइफ. त्यातल्या काही सेंट जॉन द डिव्हाइन या अँग्लिकन ख्रिस्ती संघातल्या सिस्टर, म्हणजे जोगिणी.
'सुईण' लिहिलं तर पोथीतलं वाटतं. 'प्रसाविका' लिहिलं तर आरोग्य केंद्राची पाटी वाचल्यासारखं. काय करू?

पाटा_वरवंटा:
सुईण नको. शब्द उत्तम आहे, 'सू' धातूच्या कुळातला, सूतकाचा भाऊबंद. पण सुईण कोणी परीक्षा देऊन होत नाही. माझी पणजी सुईण होती, तिला सहीसुद्धा येत नव्हती.
पॉप्लरमध्येही अशा बायका होत्याच की. त्यांना 'हँडीवुमन' म्हणत. बाळंतपणाला त्याच, आणि मयताला आंघोळ घालायलाही त्याच. १९०२ च्या कायद्याने मिडवाइफची नोंदणी आली आणि या बायका हळूहळू बाहेर पडल्या. १९३६ च्या कायद्याने मिडवाइफना स्थानिक संस्थांच्या पगारावर घ्यायची सोय झाली. जुलै १९४८ मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर तर बाळंतिणीला पैसेच द्यावे लागेनात. तेव्हा 'सुईण' हा शब्द हँडीवुमनसाठी राखून ठेवा, लेखात लागेल.

णिजन्त:
'प्रसाविका'चं पाहा. बरेच जण 'प्रसविका' लिहितात, पण प्रसवणारी ती आई. दुसरीकडून प्रसव करवते ती प्रसाविका, म्हणजे प्रयोजक रूप. व्याकरण चोख, पण सगळं कर्तृत्व नर्सकडे गेलं! 'मिडवाइफ'मधल्या 'मिड'चा अर्थ मध्ये नव्हे, 'सोबत'. जर्मन 'मिट' त्यातलाच. 'वाइफ' म्हणजे नुसती बाई. बाईच्या सोबत असणारी, एवढाच मूळ अर्थ.

मांडवीकाठ:
आमच्या गोव्यात वयजीण. वैद्याच्या घरातला शब्द, पण पॉप्लरला नाही चालायचा. 😀

अडलेली_अनुवादक:
णिजन्त, 'सोबत' आवडलं. पॉप्लरच्या बायका तिला हाक मारताना 'नर्स' म्हणत, म्हणून संवादात 'नर्सबाई' करते आणि निवेदनात 'मिडवाइफ' तसाच ठेवते.
पण आता क्रियापदाशी अडले. 'बाळाची डिलिव्हरी केली' लिहिलं की कुरिअर आल्यासारखं वाटतं.

पाटा_वरवंटा:
मूळ इंग्रजीत 'डिलिव्हर' व्हायची ती बाई, बाळ नव्हे. म्हणजे तिची सुटका व्हायची. आपण अजून तेच म्हणतो: 'सुटली बाई', 'मोकळी झाली', 'सुखरूप सुटका झाली'. अर्थ उलटला तो नंतर, आणि आपण उलटलेलाच उचलला.
नर्सबाईंसाठी 'बाळंतपण केलं' लिहा. 'आईनं माझं बाळंतपण केलं' म्हणताना आपण फक्त कळांची रात्र धरत नाही. शेक-शेगडी, बाळाची आंघोळ, सगळं त्यात येतं. तिथेही बाळ जन्मलं की काम संपत नसे. पुढे चौदा दिवस त्या घरी येत राहायच्या, बाळंतिणीला आणि बाळाला बघायला. 'डिलिव्हरी'त हे चौदा दिवस कुठे बसवणार?

णिजन्त:
सहमत. फक्त 'प्रसूती केली' नको, तेही तसंच अर्धवट.

अडलेली_अनुवादक:
ठरलं, 'बाळंतपण केलं'. शेवटची शंका: बाळानंतर पडते ती 'वार'. लेखात वाक्य आहे, 'नर्सबाई वार पडायची वाट बघत बसली.' भाची म्हणाली, कुठला वार, सोमवार की मंगळवार?

मांडवीकाठ:
वारच ठेवा. भाचीला एकदा कळला की जन्मात विसरणार नाही.