बसल्या गार्डमधून कॉलर ड्रॅग : समोरचा हलतच नाही

दर्यापूरकर : जिउ-जित्सूत बसून गार्ड धरतो, म्हणजे बसल्या जागी पाय समोरच्याच्या आड ठेवतो, अन् उजव्या हातानं त्याच्या जॅकेटची उजवी कॉलर ओढतो, हाच कॉलर ड्रॅग. तो जागचा हलत नाही, नाहीतर माझ्याच अंगावर येते. काहून? इथं सारे कुस्तीतले गडी आहेत.

वरूडवाला : भाऊ, ओढ छातीकडे जात असंल, मग तो अंगावरच येणार. आधी डावा तळहात मागं टेका, ढुंगण उचलून चांगलं हातभर डावीकडे, म्हणजे त्याच्या उजव्या बाजूला न्या. कॉलर त्या रिकाम्या झालेल्या जागेत खाली ओढा, कोपर बरगडीला चिकटलेलं. नुसत्या दंडानं ओढाल तर पहिलवान मान ताठ करून उभा राहते. त्याचा उजवा पाय पुढं असंल तर घोट्यापाशी आपलं पाऊल अडवा, नाहीतर तो पाय टाकून तोल सावरते. त्याचे हात जमिनीवर टेकले की लगेच त्याच्या पाठीवर जा.

मूर्तिजापूरचा गडी : तो वाकून दाबते तेव्हाच ओढा. कुस्तीवाले ओढ लागताच मागं रेलतात. तेव्हा कॉलरचा हात छातीत ढकला अन् डाव्या हातानं त्याची उजवी टाच उचला. ही जोडी त्यांच्यावर लय चालते. जॅकेट नसंल तर डाव्या हातात त्याचं उजवं मनगट, उजवा हात त्याच्या कोपराच्या वर, दंडामागं.

दर्यापूरकर : मातीवर जमंल का?

वरूडवाला : सराव जमते, पण माती अंगाला धरते, म्हणून ढुंगण घासू नका, उचलाच. कुस्तीच्या जोडीत मात्र नको, पाठ टेकली की चीत.