मदत हवी आहे: पोरांना आशिया चषकातले कोणते सामने दाखवू?

पेठेतला बॅक

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात तालमीच्या मैदानावर मी संध्याकाळी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांचा सराव घेतो. उन्हाळी सुट्टीत तालमीच्या हॉलमध्ये पडदा लावून त्यांना काही सामने दाखवायचे आहेत. युरोपातले सामने ती मोबाइलवर बघतातच. मला दाखवायचंय आशियातलं फुटबॉल, म्हणजे आपला संघ ज्यांच्याशी खेळतो त्यांचं.

२०२५ च्या नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशाने आपल्याला १-० हरवलं, तेव्हापासून पोरांचे प्रश्न थांबेनात. त्याआधी ऑक्टोबरात सिंगापूरकडून गोव्यात फातोर्ड्याला २-१ हरून २०२७ च्या आशिया चषकाची दारं बंद झाली होती. एका पोराने विचारलं, "सर, सिंगापूर केवढं आहे हो?" क्षेत्रफळात ते आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं. हे सांगितल्यावर पोरं गप्पच झाली. त्यांना उत्तर द्यायला हवं, आणि 'आपल्याकडे सगळं क्रिकेटच' एवढं म्हणून मला सुटायचं नाही. अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचाच, २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळून आला. आपल्यातला पोरगा तिथवर जाऊ शकतो हे या पोरांना ठाऊक आहे.

मी कुठे अडलोय ते सांगतो. २०२३ च्या जून-जुलैत बेंगळुरूला आपण सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची, स्पर्धा नवव्यांदा जिंकलो. पाकिस्तानला ४-० हरवलं, लेबनॉन आणि कुवेत या पाहुण्या संघांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटवर नमवलं. त्यानंतर सहा महिन्यांनी कतारला आशिया चषकात ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१. तीन सामने, शून्य गुण, शून्य गोल. त्याच स्पर्धेत ताजिकिस्तान पहिल्यांदाच उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीत गेला. जॉर्डन तर थेट अंतिम सामन्यात.

तर प्रश्न असे:

१. कतारच्या त्या स्पर्धेतले नेमके कोणते सामने, आणि त्यातला कोणता भाग दाखवू? पोरं सलग नव्वद मिनिटं बसणार नाहीत.

२. आपले पराभव दाखवावेत का?

३. बघून झाल्यावर मैदानात त्यावर काय सराव घ्यावा? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे पोरं चेंडू पुढे नेतात झकास, पण डीच्या, म्हणजे गोलपुढच्या पेनल्टी चौकटीच्या, तोंडाशी पोचली की थबकतात. फॉरवर्डला चेंडू मिळाला की तो गोलकडे पाठ करून उभा राहतो आणि मागे हाफला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, परत देतो. वळत कुणीच नाही.

जाणकारांनी हातचं न राखता सांगावं ही विनंती.

---

दोहाकर

दादा, मी इथे दोह्यातच असतो आणि भारताचे तिन्ही सामने मैदानात जाऊन पाहिलेत. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेतो. पराभव दाखवाच, फक्त निवडून दाखवा.

१३ जानेवारी २०२४ चा ऑस्ट्रेलियाविरुद्धचा पूर्वार्ध दाखवा. चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायात होता, पण मध्यंतराला ०-० होतं. आपला बचावपटू संदेश झिंगन त्या दिवशी भिंतीसारखा उभा होता. बचाव कसा एका ओळीत हलतो, एक बॅक बाहेर गेला की त्याची जागा कोण घेतो, हे पोरांना फार छान दिसेल. त्याच पूर्वार्धात निखिल पुजारीच्या क्रॉसवर, म्हणजे कडेने आत मारलेल्या चेंडूवर, सुनील छेत्रीला हेडरची मोकळी संधी मिळाली आणि चेंडू बाहेर गेला. स्टेडियम आपल्याच लोकांनी भरलं होतं. तो 'अरे!' अजून कानात आहे.

मग पन्नासाव्या मिनिटाचा गोल. उजवीकडून क्रॉस आला, आपला गोलकीपर गुरप्रीतने हाताने तो ढकलला, पण चेंडू लांब गेलाच नाही, नेमका त्यांच्या जॅक्सन अर्विनच्या पुढ्यात पडला. त्याने डाव्या पायाने लगेच मारला. पोरांना हे तीन-चारदा मागे घेऊन दाखवा आणि अर्विन कुठे उभा होता तेवढंच विचारा. चेंडू यायच्या आधीच तो योग्य जागी होता.

उझबेकिस्तानचा सामना पूर्ण दाखवू नका. चौथ्याच मिनिटाला गोल खाल्ला, मध्यंतरालाच ०-३. उत्तरार्धात राहुल के. पी.चा फटका खांबाला लागला, तो मात्र दाखवा. आपण तिथवर पोचत होतो हे पोरांना कळू दे.

सीरियाविरुद्ध झिंगन दुखापतीने बाहेर गेला आणि नंतर ७६ व्या मिनिटाला त्यांच्या ख्रिबिनने गोल केला. एका माणसावर संघ किती टेकून असतो ते त्यात दिसतं. आपले अन्वर अली, जीक्सन, आशिक हे तर दुखापतींमुळे त्या स्पर्धेत नव्हतेच. शिवाय तयारी म्हणाल तर संघ ३० डिसेंबरला इथे उतरला आणि १३ जानेवारीला पहिला सामना.

---

मडगांवचो प्रेक्षक

मी फातोर्ड्याला होतो त्या रात्री. १४ ऑक्टोबर २०२५. चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेने लांबून डाव्या पायाने जो गोल मारला, तसा गोल आमच्या मैदानात फार दिवसांत पाहिला नव्हता. शेजारचे अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. पण त्यानंतर आपण मागे मागे सरकत गेलो. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली, ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा. राहिलेल्या अर्ध्या तासात आपल्याला एक गोल हवा होता आणि तो कुठून येणार हे मैदानात कुणालाच ठाऊक नव्हतं असं वाटत होतं. झिंगन आदल्या सामन्यातल्या लाल कार्डामुळे बाहेर, तेही होतंच. पण तो बचावातला माणूस. गोल करणारा कुठाय?

दादा, तुमची पोरं डीच्या तोंडाशी थबकतात म्हणालात ना, त्या रात्री मी तेच बघितलं.

२०२७ च्या आशिया चषकाच्या पात्रता फेरीतले सहापैकी पहिले पाच सामने धरा. शिलाँगला बांगलादेशाशी ०-०, हाँगकाँगला भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१, सिंगापूरला १-१, इथे १-२, ढाक्यात ०-१. पाच सामन्यांत दोन गोल. यात वाईट बचाव दिसत नाही. एकाही सामन्यात दोनपेक्षा जास्त गोल खाल्लेले नाहीत.

---

खडकीचा सर

पुण्यात शाळकरी मुलांना शिकवतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. त्याआधी एक जुनी गोष्ट, कारण ती नेमकी तुमच्या पोरांच्या वयाजवळची आहे.

२०१८ साली मलेशियात सोळा वर्षांखालच्यांची आशियाई स्पर्धा झाली. आपले प्रशिक्षक गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. मुलांनी व्हिएतनामला १-० हरवलं, इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०. गटात एकही गोल खाल्ला नाही! इराणची तर पेनल्टी आपला गोलकीपर नीरज कुमारने अडवली. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०-१. तो सामना जिंकलो असतो तर पुढच्या वर्षीच्या विश्वचषकात गेलो असतो. त्याच स्पर्धेत ताजिकिस्तान अंतिम फेरीत पोचला आणि विश्वचषकाला गेला.

आता हिशेब बघा. चार सामन्यांत आपला गोल एकच, तोही पेनल्टीवर. म्हणजे कतारला मोठ्यांचं जे झालं ते पंधरा-सोळाव्या वर्षीच दिसत होतं. मुलं शिस्तीत बचाव करतात, धावतात, लढतात, पण गोल करणं त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. आपल्याकडे लहान वयात हरू नये म्हणून खेळवतात. स्पर्धा बाद पद्धतीची, एक गोल खाल्ला की घरी. मग प्रशिक्षक उंच मुलगा मागे ठेवतो आणि पुढे चेंडू लाथाडतो. जिल्हास्तरावर त्याने ट्रॉफी येते.

पुढे हा मुलगा मोठा झाला की अडचण वाढते. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या क्लबांच्या इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात आणि क्लब त्यातला एक तरी पुढच्या मधल्या जागेवर ठेवतो. भारतीय फॉरवर्ड मग कडेला जातो, नाहीतर बाकावर बसतो. छेत्री एकोणचाळिसाव्या वर्षी कतारमध्ये मधला फॉरवर्ड म्हणून खेळत होता. जून २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये त्याला परत यावं लागलं. छेत्रीबद्दल मला नितांत आदर आहे, पण त्याच्यामागे रांग तयार झाली नाही हे खरं.

ताजिकिस्तानचा कोणता सामना दाखवायचा, तर लेबनॉनविरुद्धचा. हरले तर घरी, अशी स्थिती. उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच ०-१. थोड्या वेळात लेबनॉनचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला, तरी बरोबरी व्हायला ८० वं मिनिट उजाडलं, आणि विजयी गोल भरपाई वेळेत. शेवटची पंधरा मिनिटं लावा. किती ताजिक खेळाडू डीमध्ये घुसतात ते पोरांना मोजायला सांगा. मग फातोर्ड्याची शेवटची पंधरा मिनिटं लावा आणि आपले मोजायला सांगा. तुम्हाला बोलावंच लागणार नाही.

जॉर्डनचा दक्षिण कोरियाविरुद्धचा उपांत्य सामनाही हवाच. २-० जिंकले आणि कोरियाचा एकही फटका गोलवर येऊ दिला नाही. समोर कोरियाचा नामांकित फॉरवर्ड सोन ह्युंग-मिन होता! पहिला गोल नीट दाखवा: कोरियाच्या हाफने मागे दिलेला ढिला पास जॉर्डनच्या अल-तामारीने हेरला आणि अल-नैमातला पुढे चेंडू दिला. बचाव आणि गोल ही दोन वेगळी कामं नाहीत, हे तिथे दिसतं.

आता मैदानावरचं. डीच्या बाहेर पोरांची रांग लावून थांबलेल्या चेंडूवर फटके मारायचा सराव बंद करा. सामन्यात थांबलेला चेंडू मिळतो कुठे? त्याऐवजी लहान चौकोन आखा, दोन्हीकडे गोल, तीनास तीन पोरं आणि गोलकीपर. जागा इतकी कमी ठेवा की चेंडू मिळाला की फटका मारता यावा. मागे पास दिला की चेंडू समोरच्या संघाला. गोलकीपरने ढकललेल्या चेंडूवर गोल केला तर दोन गुण. काही दिवसांतच पोरं अर्विनसारखी आधीच जागा धरायला लागतात. आणि महत्त्वाचं, फटका चुकला म्हणून ओरडू नका. पोरगं वळत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा भीतीच असते.

---

जुना कट्टेकरी

मला हे पटलं नाही. तेरा वर्षांच्या पोरांना पराभव दाखवून काय मिळणार? २०१९ च्या आशिया चषकात आपण थायलंडला ४-१ हरवलं होतं, छेत्रीचे दोन, थापा आणि जेजेचा एकेक. तो दाखवा. किंवा २०२५ च्या ऑगस्टमध्ये काफा नेशन्स चषकात नवे प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवलं तो. नंतर ओमानला शूटआउटवर हरवून त्या स्पर्धेत तिसरे आलो. तेही खरंच आहे ना?

---

खडकीचा सर

थायलंडचा सामना जरूर दाखवावा, उत्तरार्ध तर खासच. जमील यांनी महिन्याभरात संघ उभा केला त्याचंही कौतुक आहे. पण त्या ताजिकिस्तानच्या सामन्यात आपले दोन्ही गोल कुणाचे? अन्वर अली आणि झिंगन. दोघेही बचावपटू.

---

बोरिवलीची मेघना

सगळे पुरुष संघाबद्दलच लिहिताय, म्हणून भर घालते. २०२५ च्या जुलैत थायलंडमधल्या चियांग माईला आपल्या महिला संघाने यजमान थायलंडला त्यांच्या मैदानावर २-१ हरवून महिलांचा आशिया चषक गाठला. दोन्ही गोल संगीता बास्फोरचे. मधल्या फळीतली खेळाडू, पण फटका मारायला कचरत नाही. त्याआधी मंगोलियाला १३-०, तिमोर लेस्तेला ४-०, इराकला ५-०. पात्रता फेरी खेळून आपल्या मुली पहिल्यांदाच तिथे पोचल्यात. तुमच्या सरावाला मुली येतात का, दादा? येत नसतील तर या सामन्याला तरी बोलवा.

---

पेठेतला बॅक

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

सरांचा तीनास तीनचा खेळ काल घेऊन बघितला. मागे पास दिला की चेंडू जातो म्हटल्यावर आधी पोरं चिडली. मग आमचा सगळ्यात बुजरा फॉरवर्ड चेंडू घेऊन वळला आणि मारला. बाहेर गेला, पण मारला. थोड्या वेळाने गोलकीपरच्या हातून सुटलेल्या चेंडूवर दोघं एकदम झेपावली.

कट्टेकरी काका, तुमचंही ऐकतो. सुरुवात थायलंडच्या ४-१ ने करेन, पण अर्विनचा गोल आणि फातोर्ड्याची शेवटची पंधरा मिनिटं दाखवणारच. प्रश्न पोरांनीच विचारलाय, तर त्यांच्यापासून लपवायचं कशाला?

मेघनाताई, सरावाला पेठेतल्या काही मुली येतात, पण वेगळ्या वेळी. आता सामने एकत्रच बघू. आणि सुट्टीची वाट न बघता मार्च २०२६ मध्ये, महिलांच्या आशिया चषकापासूनच सुरुवात करतो. ऑस्ट्रेलियात आपल्या मुलींच्या गटात जपान, व्हिएतनाम आणि चिनी तैपेई आहेत. त्यांचे सामने आपल्याकडे किती वाजता लागतील आणि थेट कुठे दिसतील, हे कळलं की कुणीतरी इथेच टाका. हॉलची वेळ तालमीकडून आधी मागून घ्यावी लागते.