बिघडेल हे धरूनच बनवलेल्या वस्तू सांगा

नळीवाला_चोपडेकर

रामराम मंडळी. चोपड्यात ठिबकचं आणि मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा डोक्यात नको ते किडे वळवळतात. त्यातलाच हा एक.

ठिबकची इनलाइन नळी कधी ब्लेडने उभी चिरून बघा. आत बोटाच्या पेराएवढा चपटा तुकडा चिकटलेला दिसेल, ड्रीपर म्हणतात तो हाच. त्याच्यावर करवती दातांची नागमोडी वाट कोरलेली असते. थेंब थेंब पाणी द्यायचं तर कोणीही म्हणेल, भोक बारीक करा. पण आमच्याकडच्या बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं, बारीक भोक काय टिकणार? म्हणून वाट त्या मानाने रुंद ठेवली आणि पाण्याला दाता-दाताशी वळायला लावलं. वळता वळता पाणी भोवरे घेतं, दाब तिथेच खर्ची पडतो, आणि त्याच भोवऱ्यांमुळे बारीक गाळ बसत नाही, पुढे निघून जातो. बाहेर पडतं ते तासाला २ किंवा ४ लिटर. स्प्रिंग नाही, फिरणारा भाग नाही.

याचं मूळ इस्रायलचं. सिमखा ब्लास नावाच्या इंजिनिअरने बारीक भोकाऐवजी पाण्याला लांब वाट द्यायची युक्ती काढली, १९६५ साली हात्झेरीमच्या किबुत्झबरोबर (सामुदायिक शेतीचं गाव) नेटाफिम कंपनी उभी राहिली. वाटेला दात नंतर आले. आपल्याकडे भवरलाल जैन यांनी जळगावात हा धंदा उभा केला आणि रावेर-यावलच्या केळीला ठिबक लागलं. चढउताराच्या वावरात घालायच्या ड्रीपरमध्ये तर रबराचा पातळ पडदा असतो. दाब वाढला की पडदा वाकून वाट आवळतो, कमी झाला की सैल सोडतो. त्यामुळे सबमेनजवळच्या (सगळ्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपाजवळच्या) खोडाला आणि पार टोकाच्या खोडाला पाणी सारखंच.

आता दुसरी बाजू. मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायचं ॲप घेऊन पोरं दुकानात येतात. स्क्रीन चकाचक, कोपऱ्यात हिरवं पान हलतंय. शेतीची लाइट येते बऱ्याचदा रात्री. माणूस चिखलाच्या हातांनी, बॅटरी दातात धरून स्टार्टरसमोर उभा, रेंजची एक काडी, आणि ॲप म्हणतं नवीन पासवर्ड टाका! हे बनवणाऱ्याने वावर कधी रात्री बघितलं नसणार.

तर मला अशा वस्तू सांगा, ॲप आणि वेबसाइटही चालतील, ज्या बनवणाऱ्याने ‘हे बिघडणार, तेव्हा काय’ हे आधी धरलं. नुसतं देखणं आहे म्हणून भागणार नाही.

---

जंक्शनवाला

नळीवाले भाऊ, भुसावळला गार्डची नोकरी करून निवृत्त झालो (आता गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात. आम्ही गार्डच.)

तुमच्या अटीत रेल्वेचा ब्रेक पहिला बसतो. लोकांना वाटतं ब्रेक लावायला हवेचा दाब देतात. उलट आहे. गाडीभर जो ब्रेक पाइप जातो त्यात ५ किलोचा दाब कायम ठेवायचा, तो आहे तोवर ब्रेक सुटलेला. ड्रायव्हर दाब कमी करतो तेव्हा प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा सिलेंडरमध्ये शिरते आणि ब्रेक लागतो. मग पाइप फुटला, कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर? दाब आपोआप जातो आणि दोन्ही तुकडे जागच्या जागी आवळले जातात. कोणाला काही करायची गरज नाही. अमेरिकेतल्या वेस्टिंगहाऊसने आधी सरळ दाबाचा ब्रेक केला होता, त्यात पाइप फुटला की ब्रेकच गेला. १८७२ मध्ये त्यानेच हे गणित उलटं केलं. आजही जग त्याच तत्त्वावर चालतंय.

दुसरी गोष्ट तर रंगाच्या डब्यातली. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते, मालगाडीला ‘एलव्ही’ची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा. स्टेशनवाला गाडी गेल्यावर तेच बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी अख्खी आली. नाही दिसली तर मागचा तुकडा कुठेतरी लाइनवर उभा आहे असं समजायचं आणि मागून दुसरी गाडी सोडायची नाही.

ॲपमध्ये म्हणाल तर ‘व्हेअर इज माय ट्रेन’. गाडीत बसलेलं असताना नेट नाही, जीपीएस बंद, तरी मोबाइल टॉवरवरून गाडी कुठे आहे ते सांगतं. बेंगळुरूच्या पोरांनी बनवलं, २०१८ ला गूगलने घेतलं. मराठीतही आहे. आमच्या मंडळी शाळेत फार गेल्या नाहीत, पण चाळीसगाव आलं का हे आता मला विचारत नाहीत. (थोडं वाईट वाटतं.)

---

मास्तरीणबाई_धुळे

बठ्ठासले रामराम!

आतल्या झाकणाचा कुकर, हॉकिन्सचा. झाकण तिरकं करून आत घालायचं, वर ओढायचं, दांडा अडकवायचा. नवीन सुनेला पहिल्या दिवशी जमत नाही आणि सासू हसते, तो भाग सोडा. पण वाफ आत असेपर्यंत तीच झाकणाला आतून कडेवर दाबून धरते. घाईत कितीही ओढा, उघडत नाही. वाफ गेली की झाकण आपणहून खाली पडतं. वेगळं कुलूप लावायलाच नको. आणि डाळ लावून बाई शेजारी गप्पा मारायला गेली, पाणी आटलं, तर सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये लवकर वितळणारा धातू असतो, तो वितळून वाट मोकळी करतो.

विज्ञान शिकवते म्हणून आणखी एक. तीन पिनच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब का, असं सातवीच्या वर्गात विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘बाई, मजबुतीसाठी’. ती अर्थिंगची पिन. प्लग घालताना आधी ती लागते, काढताना शेवटी सुटते. म्हणजे करंट पोचायच्या आत जमिनीशी नातं जुळलेलं.

नोटांवरच्या उठावाच्या रेघांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. १०० च्या नोटेला चार, ५०० ला पाच, कल्पना उत्तम. सासूबाईंना मोतीबिंदू आहे, कोऱ्या नोटेवर बोट फिरवून बरोबर सांगतात. पण नोट बाजारात फिरून फिरून मऊ झाली की उठाव जातो. आंधळ्या माणसाच्या हातात कोरी नोट किती वेळा पडते?

---

कोडकरी_जळगावचा

सध्या पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. नळीवाले काका, ते हिरवं पान हलवणारे आम्हीच, त्यामुळे शिव्या पोचल्या 😄

पण ‘देखणं असून भागणार नाही’ हे अर्धवट वाटतं. बटण मोठं, अक्षरं ठळक, मधे मोकळी जागा, हे दिसण्याचंच काम आहे ना? चिखलाच्या अंगठ्याला तेच उपयोगी पडतं.

तुमच्या अटीतलं माझ्या आवडीचं म्हणजे जीमेलचं ‘अनडू सेंड’. बाहेर गेलेला मेल सहसा परत आणता येत नाही. मग त्यांनी काय केलं, पाठवा दाबल्यावर मेल थोडा वेळ तसाच धरून ठेवला. ५ पासून ३० सेकंदांपर्यंत, सेटिंगमध्ये निवडायचं. साहेबांना ‘प्रिय’ लिहून गेलं हे माणसाला पाठवा दाबल्या दाबल्याच कळतं, म्हणून एवढा वेळ पुरतो.

आणि दुकानातला पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा. त्याला स्वतःचं सिम असतं, मालकाचा मोबाइल पोराकडे गेम खेळायला असला तरी डबा बोलतो. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यांची सोयही त्यानेच बंद केली. शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांना कळतं, स्क्रीनच नाही.

वाईटाचा नमुना: एका भरतीचा फॉर्म. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, पत्ता, दहावीपासूनचे मार्क, सगळं भरून शेवटी फोटो दोन केबी मोठा निघाला, तर पान कोरं. परत पहिल्यापासून.

---

सातपुडा_फिटर

धडगावकडे हातपंप दुरुस्तीला असतो. जास्त लिहिता येत नाही.

इंडिया मार्क टू हा पंप आपल्या महाराष्ट्रातनं निघाला. जालना आणि सोलापूरकडे मिशनवाल्यांनी पोलादी पंप केले होते, त्यातल्या सोलापूरच्या पंपावरनं पुढे युनिसेफच्या मदतीने मार्क टू झाला. आधीचे बिडाचे पंप एका घरासाठी होते, अख्ख्या पाड्याने दिवसभर मारले की मोडायचे. मार्क टूच्या दांड्याला पुढे अर्धगोल आणि त्यावर साखळी असते. दांडा कसाही मारा, पोरं लोंबकळू द्या, साखळीमुळे आतला रॉड सरळच वर-खाली होतो, बाजूला घासत नाही.

पण त्यात एक खोट आहे. आतला वायसर झिजला की सगळे पाइप वर काढावे लागतात. त्याला गाडी, तिपाई, चार-पाच माणसं. पावसाळ्यात गाडी पाड्यावर चढत नाही, मग बाया झऱ्यावर जातात. मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, पाइप न काढता नुसता दट्ट्या रॉडसकट वर येतो. गावातला माणूस पण करू शकतो.

बिघडेल हे धरलं, ठीक. पण दुरुस्त करायला कोण येणार ते पण धरा.

---

नळीवाला_चोपडेकर

फिटर भाऊ, जास्त लिहिता येत नाही म्हणता आणि माझा प्रश्नच दुरुस्त करून दिलात. मी ज्या ड्रीपरचं एवढं कौतुक केलं, तो तुमच्या अटीत बसत नाही. जुने ड्रीपर नळीच्या बाहेर टोचलेले असत, त्यातले काही पिळले की उघडत, काडीने साफ करून परत बसवता येत. इनलाइनचा आतला तुकडा कायमचा चिकटलेला. ॲसिड सोडून पाहायचं, टोक उघडून फ्लश करायचं, तरी नाहीच सुटला तर तेवढी नळी कापून जॉइनर. उघडणारे अजून मिळतात, पण लांबच लांब नळी अंथरायला इनलाइन सोपी आणि स्वस्त, म्हणून सगळे तीच नेतात. मीही तीच विकतो.

मास्तरीणबाई, तिसऱ्या पिनचं आजवर एकाही इलेक्ट्रिशियनने सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तर अर्थिंग नाही म्हणून ती पिन पक्कडीने मोडून टाकतात!

जंक्शनवाले दादा, ब्रेकचं वाचून स्टार्टर आठवला. त्याच्या आतली कॉइलपण तशीच, लाइट आहे तोवर धरून ठेवते, गेली की सोडते आणि मोटार बंद. लाइट आल्यावर आपोआप चालू होऊ नये म्हणूनच ते तसं. आणि गिऱ्हाईक पहिलं काय मागतं? ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा. रात्री दोन वाजता उठून वावरात कोण जाईल, त्याचंही खरंच आहे.

कोडकरी, मोठ्या बटणाचं मान्य. पान नको. आणि जमलं तर तुमच्या त्या मोटारीच्या ॲपला मिस कॉलवर चालायला शिकवा, साध्या मोबाइलवरनं.

धागा उघडाच ठेवतो. खारी आणि उंदीर कुरतडणार नाहीत अशी नळी कोणाच्या पाहण्यात असेल तर ते मात्र लगेच कळवा. केळीवाले रोज विचारतात.